अंतरपाटापलीकडचा स्पॉन्सर

फोटो क्रमांक सातखाली काय लिहायचं यावरून आमचा पाऊण तास गेला. फोटोत मी आहे, कपाळावर मुंडावळ्या आहेत, पाठीशी मामा आहे, भटजी आहेत आणि बरोबर मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट. नवरा नाही. म्हणजे आहे, पण पलीकडे. हा फोटो आमच्या लग्नाचा पुरावा म्हणून कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला पाठवायचा होता. "हा काढ. मी दिसतच नाही त्यात," नवरा म्हणाला. मी हटून बसले. अख्ख्या लग्नात छातीत धडधडलं ते तेवढाच वेळ. शेवटी खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा: मंगलाष्टकं संपली की मधलं वस्त्र बाजूला करतात, स्पॉन्सर वस्त्रापलीकडे उभा आहे.

स्पॉन्सर म्हणजे नवरा. साताऱ्यात स्पॉन्सर म्हणजे गणपती मंडळाच्या कमानीवर ज्याच्या दुकानाचं नाव असतं तो. इथे मिसिसागात, जुलै 2024 मध्ये एका बेसमेंटच्या स्वयंपाकघरात बसून नवरा माझा स्पॉन्सर झाला आणि मी त्याची मुख्य अर्जदार.

स्पॉन्सर व्हायला फार काही लागत नाही. कॅनडाचा नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, असावा, वय 18 पूर्ण, दिवाळखोर नसावा, अपंगत्वाची सोडून दुसरी सरकारी मदत घेत नसावा. नवरा-बायकोच्या बाबतीत किमान उत्पन्नाची अटही सहसा नसते. मात्र एक हमीपत्र असतं. मला पीआर मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं माझ्या अन्नवस्त्रनिवाऱ्याची जबाबदारी त्याची. मध्ये मी सरकारी मदत घेतली, तर ती रक्कम सरकार त्याच्याकडून वसूल करणार. घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. तो इतक्या भराभर सही करायला निघाला, की मीच म्हटलं, "अरे, वाच तरी." म्हणाला, "सप्तपदीत वाचलं होतं का?"

फी भरताना मात्र दोघंही गप्प होतो. एप्रिल 2024 च्या अखेरीस दर वाढले होते: स्पॉन्सरशिपचे 85 डॉलर, अर्जाचे 545, पीआरच्या हक्काचे 575 आणि बोटांच्या ठशांचे 85. एकूण 1,290. वर्क परमिटचे 255 वेगळे. मनातल्या मनात रुपयांत हिशेब करण्याची सवय मला तोवर सुटली नव्हती.

अर्जाचे रस्ते दोन, आणि इथल्या देशी स्वयंपाकघरांत त्यांवर शेतीच्या वाटणीसारखी चर्चा चालते. इनलँड आणि आउटलँड. आउटलँडमध्ये अर्ज नाकारला तर अपील करता येतं, मधल्या काळात येणं-जाणंही करता येतं. इनलँड म्हणजे दोघं कॅनडातच एकत्र राहत असताना केलेला अर्ज. त्यात नकार आला तर अपिलाचा हक्क नाही, आणि देशाबाहेर पडलात तर पुन्हा आत घेतीलच याची खात्री नाही. आत घेतलं नाही की एकत्र राहण्याची अटच मोडते. मी व्हिजिटर व्हिसावर आलेली होते, सहा महिन्यांचा मुक्काम मिळाला होता. आम्ही इनलँड निवडलं. का, असं आता कोणी विचारलं तर सांगता येत नाही. बहुधा ज्यांनी सल्ला दिला त्यांचंही इनलँडच होतं म्हणून.

खरं काम त्यानंतरचं. लग्न झालंय हे दाखवणं सोपं. साताऱ्याच्या नगरपालिकेत आम्ही लग्नाची नोंद केलीच होती: तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, भटजींची सही, सगळं रीतसर. पण कॅनडाचा कायदा त्यापुढचं विचारतो. लग्न खरं आहे का? आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी तर केलेलं नाही? 2010 पासून यातल्या एका प्रश्नावर जरी घसरलात तरी अर्ज पडतो. तेव्हा खरेपणा सिद्ध करायचा. त्यासाठी एक लांबलचक प्रश्नावली, जास्तीत जास्त वीस फोटो आणि आपसातल्या संपर्काची जास्तीत जास्त दहा पानं.

प्रश्नावलीत विचारलेलं: पहिल्यांदा कुठे भेटलात, ओळख कोणी करून दिली, नातं कसं पुढे गेलं. ओळख त्याच्या आत्यांनी करून दिली. आमच्या घरी, अकरा माणसांदेखत, पोह्यांच्या बशा हातात घेऊन. त्याने मला काय विचारलं? "पुण्याला नोकरी करायला आवडलं असतं का?" मी काय म्हटलं? "हो." नंतर मोठ्यांनी 'जरा फिरून या' म्हणून आम्हाला चार भिंती म्हणतात त्या टेकडीवर पिटाळलं, तर मागे माझा चुलतभाऊ. तिथून खाली सातारा दिसतो, तो दोघांनी पाहिला. नातं कसं पुढे गेलं, तर दोन्हीकडचे बाबा फोनवर बोलले आणि डिसेंबर 2023 ची तारीख निघाली. हे मी खरं खरं लिहिलं आणि वाचून पाहिलं, तर एखाद्या खोट्या लग्नाची तपासणी करणाऱ्याला हवा तोच ऐवज मी आपल्या हाताने तयार करून ठेवला होता. आमच्या लग्नाला साक्षीदार चारशे, आणि अधिकाऱ्याला हवा तसला पुरावा जवळजवळ काही नाही. दोघांनी एकमेकांना काय सांगितलं हे त्याला पाहायचंय; आमचं जे काही होतं ते घरच्यांनी घरच्यांना सांगितलेलं.

अर्थात, ठरवून केलेली लग्नं तिथल्या अधिकाऱ्यांना नवी नाहीत. पंजाबातून, गुजरातेतून, श्रीलंकेतून ती रोज येतात. तरी अर्ज भरणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच कोणी पहिल्यांदा पाहतंय.

दहा पानांसाठी आम्ही व्हॉट्सअॅप उघडलं. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो परत गेला होता आणि मी मे महिन्यापर्यंत साताऱ्यात. रोज फोन. त्याचे रात्रीचे दहा म्हणजे माझे सकाळचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ पुढे सरकलं आणि माझे साडेसात झाले. त्या रविवारनंतर आठवडाभर मी ब्रश तोंडात धरून संसार केला. पण ते सगळं बोलण्यात गेलं. लिहिलेलं काय होतं? 'jevlis ka'. 'ho, tu'. 'pochlas ka'. 'sweater ghal'. 'aai la phone kar'. मैलोन् मैल हेच, रोमन लिपीतलं मराठी. याचं भाषांतर करून द्यायचं, तेही प्रमाणित भाषांतरकाराकडून. 'जेवलीस का' याचं इंग्रजी भाषांतर म्हणजे कोणी तरी कोणाच्या तरी पोटाची चौकशी करतंय. भाषांतर करणाऱ्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी शेजारी टीप घालू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, घाला.

पत्रिकेवर तर त्या अडूनच बसल्या. 'चि. सौ. कां.' म्हणजे काय लिहू? चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. आता सौभाग्याची आकांक्षा धरणारी ही बाई कोण, हे अधिकाऱ्याला कळावं तरी कसं? शिवाय पत्रिकेवर नवऱ्याचं घरातलं नाव छापलेलं, पासपोर्टवर दुसरं. मग त्याचं एक प्रतिज्ञापत्र.

नावावरून मी एक रात्र झोपले नाही. अर्जात विचारतात, याआधी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का? आमच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. ते सगळं लिहिलं. पण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवऱ्याने माझं नवं नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी निवडलेलं. त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही, सासूबाईंनीही नाही. तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत गेले. हे नाव 'वापरलं' म्हणायचं का? नवरा झोपेत म्हणाला, "आता तांदूळ पुरावा म्हणून मागतील." मी ते लिहिलं नाही. अजून कधी कधी वाटतं, लिहायला हवं होतं.

एक चूक मात्र माझी. दहा वर्षांचा इतिहास महिन्यागणिक द्यायचा असतो, मध्ये एक महिन्याचंही भगदाड चालत नाही. मी पतपेढीतली नोकरी सप्टेंबरात सोडली आणि लग्न डिसेंबरात. मधले महिने मी कोरे ठेवले, कारण त्यात काही केलंच नव्हतं. साड्यांना फॉल लावले, केळवणं खाल्ली. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. पाच आठवडे गेले. दुसऱ्यांदा भरताना त्या रकान्यात 'बेरोजगार' लिहिलं. आईला सांगितलं नाही, तिला राग आला असता. त्या तीन महिन्यांइतकी मी कधीच राबले नव्हते.

आता हा सगळा जाच म्हणावा, तर त्यामागे कारणंही आहेत. पैसे घेऊन केलेली लग्नं, इथे उतरताच विमानतळावरून गायब झालेले नवरे, हे होतं. म्हणून ऑक्टोबर 2012 मध्ये नियम आला: लग्नाला दोन वर्षं झाली नसतील आणि मूल नसेल, तर पीआर मिळाल्यावरही दोन वर्षं एकत्र राहावंच लागेल, नाहीतर पीआर जाईल. त्यातून काय झालं हे कोणत्याही सासुरवाशिणीला सांगायला नको. मारणाऱ्या नवऱ्याच्या हातात दोरी आली. छळ झालेल्यांना सूट कागदावर होती. पण ती मागायची कुठे हे ज्या बाईला बसचा मार्ग माहीत नाही तिला कोण सांगणार? एप्रिल 2017 मध्ये तो नियम रद्द झाला. वीस फोटोंवर मी कितीही कुरकुर केली, तरी आधी तपासून नंतर मोकळं सोडणं मला त्या दोन वर्षांच्या टांगणीपेक्षा बरं वाटतं.

मग वाट पाहणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण त्यात घडत काहीच नाही. अर्ज पोचल्याची पावती येते, तिला सगळे 'एओआर' म्हणतात, आणि मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या बायकाही 'किती झाले?' न विचारता 'एओआर कधीचा?' विचारतात. पावती सप्टेंबरात आली. मग ठसे. दिवाळीच्या आधी मेडिकल, नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. पोर्टलवर प्रत्येक गोष्टीपुढे दोन शब्द: प्रक्रिया सुरू. सहा महिन्यांचा मुक्काम संपला, पण तो संपायच्या आत वर्क परमिटचा अर्ज गेला असल्याने निकाल लागेपर्यंत इथे राहता येत होतं. राहता येत होतं, काम करता येत नव्हतं. मी बेसमेंटमध्ये पुरणपोळीपासून पिझ्झ्यापर्यंत सगळं केलं. खिडकी छताला लागून. तिच्यातून शेजाऱ्यांचे पाय तेवढे दिसत. जानेवारीपर्यंत कोण कुठले बूट घालतं ते पाठ झालं होतं.

एकत्र राहतो याचे कागद सतत गोळा करायचे. भाडेकरारावर घरमालकीणबाईंनी माझं नाव चढवलं. बँकेचं खातं जोडीचं केलं. इथे विजेच्या बिलाला हायड्रो बिल म्हणतात. मी ते पाण्याचं समजून दोन महिने भलत्याच फाइलला लावत होते. पण माझ्या एकटीच्या नावाचा पहिला कागद म्हणजे लायब्ररीचं कार्ड. ते मी परत परत पाकिटातून काढून बघत असे.

वर्क परमिट डिसेंबरात आलं. त्यावर मिळणारा सरकारी क्रमांक 9 ने सुरू होतो; 9 म्हणजे तात्पुरती माणसं, आणि त्या क्रमांकाला मुदत असते. पाळणाघरात मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी पहिला आकडा पाहिला आणि मुदत कधीपर्यंत, असं सहज विचारलं. मुदत होती, नोकरी मिळाली.

दरम्यान ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने पुढच्या वर्षाचे आकडे जाहीर केले होते. जोडीदार आणि मुलं या वर्गात 2024 साठी 82,000 जागा होत्या, 2025 साठी 70,000. आकडा कमी झाला म्हणजे रांग लांबली, एवढं कळायला मेडिकल पास व्हावं लागत नाही. नवऱ्याने तो विषय घरात काढायचा नाही असं ठरवलं आणि रोज काढला.

फेब्रुवारीत आजी गेली. जाता आलं नाही. तिकीट काढून ठेवणं आणि रद्द करणं, दोन्ही एका रात्रीत. संगम माहुलीला दहाव्याचे विधी सकाळी आठला होते, म्हणजे आमचे आदल्या रात्रीचे साडेनऊ. चुलतभावाने, चार भिंतीवर मागे आलेल्या त्याच, मोबाइल पिंडाकडे धरून ठेवला. कावळा लवकर शिवेना. नेट जाई, चित्र थिजे, पुन्हा येई. भाऊ हळूच म्हणाला, "अगं, तुझं नाव घेऊन सांगू का, ती कागद झाले की येईल म्हणून?" मी म्हटलं, सांग. त्याने सांगितलं. मग चित्र पुन्हा थिजलं. कावळा शिवला ते मी पाहिलं नाही, ऐकलं.

सप्टेंबर 2025 मध्ये पोर्टलची ईमेल आली. तुम्ही कॅनडातच आहात ना, पत्ता बरोबर आहे ना, फोटो चढवा. फोटो दोनदा परत आला, एकदा सावलीमुळे, एकदा कानांवरच्या केसांमुळे. ऑक्टोबरात, पाळणाघरात मुलांना झोपवत असताना, मोबाइलवर एक पीडीएफ उतरली. त्यावर तारीख होती आणि मी पीआर होते. नवऱ्याला फोटो काढून पाठवला. त्याचा निरोप आला: 'jevlis ka'.

रात्री आईला फोन केला. तिकडे वसुबारसेची सकाळ, मागे कढईचा आवाज.

"झालं गं, आई."

"झालं? देव पावला. मग कधी येतेस?"

"कार्ड आल्यावर. कार्ड नसेल तर परत येताना विमानात बसू देत नाहीत."

"म्हणजे अजून एक कागद?"

"शेवटचा."

"मागच्या दिवाळीत छातीचा फोटो काढलास, तेव्हाही शेवटचाच म्हणाली होतीस," आई म्हणाली, आणि चकली मोडेल म्हणून फोन बाबांकडे दिला.