शीतजल प्रवाळांतील लिंपेटची ओळख : आकार आणि आप्तसंबंध

प्रस्तावना :
प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात टोपीसारखा शंख असलेला उदरपाद म्हणून 'पटेला' हे नाव परिचित आहे. अशा प्राण्यांना लिंपेट म्हणतात. खापरखेड्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या परिसरातील विद्यार्थ्यास लिंपेट दिसतो तो बहुधा प्रयोगशाळेतील बरणीत अथवा कोकणच्या शैक्षणिक सहलीत. परंतु पटेला हा वंश प्रामुख्याने युरोप व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरील असून कोकणच्या खडकांवर सामान्यतः आढळणारा लिंपेट 'सेलाना रेडिएटा' होय. कोकणातून आणलेल्या नमुन्यास पटेला म्हणणे म्हणूनच सदोष ठरते. केवळ आकारावरून ओळख पटविण्यातील हा धोका खोल समुद्रातील लिंपेटच्या बाबतीत अधिकच वाढतो.

अधिवास :
शीतजल प्रवाळ सूर्यप्रकाशाविना, सुमारे ४ ते १२ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात वाढतात. त्यांच्या ऊतींत सहजीवी शैवाले नसतात. प्रवाहाबरोबर येणाऱ्या अन्नकणांवर व सूक्ष्मजीवांवर ते जगतात. उत्तर अटलांटिकमधील प्रमुख जाती पूर्वी 'लोफेलिया पर्टुसा' म्हणून ओळखली जाई. २०१६ नंतर ती 'डेस्मोफायलम' वंशात समाविष्ट झाली. या प्रवाळांच्या मृत शाखा अनेक लहान प्राण्यांना आधार देतात. 'आयोथिया फुल्वा' हा त्यांपैकीच एक. १७७६ मध्ये ओ. एफ. म्यूलर यांनी या लिंपेटचे वर्णन केले, तेही पटेला याच वंशनामाखाली.

ओळखीचे निकष :
आयोथियाचा शंख काही मिलिमीटर लांबीचा व नारिंगी छटेचा असतो. प्राण्यास डोळे व क्लोम नसतात. 'पंक्च्युरेला' या लिंपेटच्या शंखावर शिखराजवळ छिद्र असते, तर 'एमार्जिन्युला'मध्ये शंखाच्या पुढील कडेला खाच असते. येथपर्यंत भिंगाने काम भागते. परंतु शंख झिजलेला असल्यास ही लक्षणे अपुरी पडतात.

याचे कारण असे की, टोपीचा आकार हा आप्तसंबंधाचा पुरावा नव्हे. खडकास घट्ट चिकटून राहण्याच्या गरजेतून तो उदरपादांच्या अनेक शाखांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे. कोकण किनाऱ्यावरील 'सायफोनेरिया' सेलानासारखाच दिसतो. मात्र तो फुप्फुसधारी गोगलगायींचा जवळचा आप्त आहे. सेलानाच्या रेत्रिकेत, म्हणजे कानशीसारख्या दंतपट्टीत, लोहयुक्त मजबूत दात थोडे असतात. सायफोनेरियात लहान दात पुष्कळ असतात. म्हणून शंख, मृदू शरीर, रेत्रिका आणि डीएनए यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.

अधिवासाची नोंद साहाय्यक ठरते, निर्णायक नव्हे. आयोथिया दगडांवरही आढळतो; 'कॉक्युलिना' वंशातील लिंपेट बुडालेल्या लाकडावर राहतात. नमुना कोणत्या आधारावर होता हे नोंदले नसेल, तर हा दुवा कायमचा हरवतो.

भारतीय संदर्भ :
मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण नौकेने भारतीय समुद्रांच्या तळातून प्राणी गोळा केले. नौकेवरील निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९८ मध्ये त्यांतील खोल समुद्रातील प्रवाळांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जतन केलेले नमुने नव्या निकषांवर पुन्हा तपासता येतात. हरवलेली माहिती मात्र परत मिळवता येत नाही.

समारोप :
तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांमुळे प्रवाळांबरोबर त्यांचे रहिवासीही नष्ट होतात. नॉर्वेने १९९९ मध्ये प्रवाळ संरक्षणासाठी नियम केले. ज्या जातीची ओळखच पटलेली नाही, तिची हानी मोजता येत नाही. यास्तव वर्गीकरणशास्त्र हा संवर्धनाचा पाया आहे. महाविद्यालयीन पातळीवर याची सुरुवात साध्या शिस्तीने होऊ शकते. शंखासोबत मृदू शरीर तीव्र अल्कोहोलमध्ये जतन करावे, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. तसेच चिठ्ठीवर स्थळ, दिनांक व आधार यांची नोंद करावी. बरणीवरील 'पटेला' हे नाव तपासून पाहणे, हा या शिस्तीचा पहिला पाठ होय.