कोळशाच्या खोऱ्यातली चॅपेलं

पंडिता रमाबाईंविषयी वाचताना मी नेहमी १९०५ सालाशी अडखळायचो. त्या वर्षीच्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या प्रार्थनासभांना उधाण आले. त्याआधी वेल्समधल्या धर्मजागृतीची बातमी रमाबाईंच्या कानांवर आली होती. चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. मी ना इतिहासाचा पदवीधर, ना धर्मशास्त्राचा. नोकरी सांभाळून कागद चाळणारा माणूस. पण ते एक वाक्य सुटेना. शेवटी दक्षिण वेल्सला गेलो.

मनात ‘चर्च’ होते आणि तिथेच पहिली चूक झाली. आपल्याकडे प्रॉटेस्टंट चर्च म्हटले की कुलाब्याचे अफगाण चर्च आठवते : दगडी, उंच मनोऱ्याचे, साहेबाच्या पलटणीचे. वेल्समध्ये चर्च आणि चॅपेल ही दोन वेगळी जगे होती. चर्च म्हणजे इंग्लंडचे राजमान्य चर्च. वेल्समधला त्याचा तो दर्जा १९२० साली संपला. चॅपेल म्हणजे त्या चर्चबाहेर पडलेल्या बाप्टिस्ट, इंडिपेंडंट, मेथडिस्ट मंडळींचे प्रार्थनाघर. ढोबळमानाने, मालक चर्चमध्ये आणि कामगार चॅपेलमध्ये. ढोबळमानानेच, कारण चॅपेलला जागा देणारे मालकही होते.

लोखंड, तांबे, कोळसा यांमागे माणसे खोऱ्यांत आली आणि चॅपेलं उगवली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेल्समध्ये दर आठ दिवसांनी एक चॅपेल पुरे होत होते, असा अंदाज सांगतात. पैसा वर्गणीचा आणि कर्जाचा. नावे बायबलमधली : बेथेल, सालेम, होरेब, एबेनेझर. आत वेदी नाही, मूर्ती नाही. मधोमध उंच व्यासपीठ, त्याच्या पायाशी मंडळीच्या पंचांचे, म्हणजे डीकनांचे, ‘मोठे आसन’, आणि तीन बाजूंनी सज्जा. सगळी रचना ऐकण्यासाठी आणि गाण्यासाठी. चार आवाजांतली स्तोत्रे खाणकामगार सारेगमसारख्या ‘टॉनिक सोल्फा’ लिपीवरून शिकत. रविवारच्या शाळेत मुलांबरोबर थोरही वेल्श वाचायला बसत. त्या भाषेला सरकारदरबारी काय किंमत होती? १८४७ च्या सरकारी शिक्षण अहवालात इंग्रज आयुक्तांनी वेल्श भाषा आणि चॅपेल या दोहोंनाच मागासलेपणाचे कारण ठरवले होते. त्या अहवालाचा राग अजून गेलेला नाही.

स्वान्सीजवळच्या मॉरिस्टनचे टॅबरनॅकल हे या सगळ्याचे शिखर. तांबे आणि पत्र्याच्या कारखान्यांच्या वस्तीत १८७२ साली उघडलेले, उंच कळसाचे. आराखडा जॉन हम्फ्री या स्थानिक माणसाचा. सज्जाखाली उभा राहिलो तेव्हा कळले, गरिबांनी बांधलेले म्हणजे साधेच असेल, हा समजही माझा होता.

तिथून पश्चिमेला लखर. (स्पेलिंगवरून मी बसचालकाला ‘लॉघोर’ म्हणालो, दोनदा विचारून त्याने तिकीट दिले.) जागृती सुरू झाली ती इथल्या मोराया चॅपेलच्या आवारात, ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी, मोजक्या तरुणांच्या सभेत. सभा घेणारा इव्हान रॉबर्ट्स सव्वीस वर्षांचा, लहानपणीच खाणीत उतरलेला. पुढच्या काही महिन्यांत लाखभर लोक चॅपेलांकडे वळले असे म्हणतात. मला त्या आकड्यापेक्षा सभांची रीत महत्त्वाची वाटते. ठरलेला क्रम नाही, कित्येकदा प्रवचनही नाही. कोणीही उठावे, प्रार्थना करावी, गाणे सुरू करावे. रॉबर्ट्सबरोबर फिरणाऱ्यांत तरुण गायिका होत्या. एरवी मोठ्या आसनावर पुरुषच बसत.

केडगावला पोहोचले ते हेच असावे, असे मला वाटते. तिथे विधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. देवापुढे आपल्या शब्दांत मोठ्याने बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, ही बातमी त्यांच्यासाठी लहान नव्हती. रमाबाईंनी पुढे साध्या मराठीत बायबल उतरवण्यात आयुष्य घालवले, हेही मला त्याच धाग्यातले दिसते.

परतताना ॲबरफॅनला थांबलो. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गेली. मृतदेह ओळखीसाठी बेथानिया चॅपेलमध्ये, बाकांवर ठेवले होते. नंतर लोकांना त्या वास्तूत बसवेना. ती पाडून नवी बांधली.

आता बहुतेक खाणी बंद झाल्या आहेत. कुठे चॅपेलचे सदनिकांत रूपांतर झाले आहे, कुठे गालिच्यांचे दुकान. वारसा म्हणून इमारती वाचवणाऱ्या संस्था आहेत, पण चार आवाजांत गाणारी वस्ती त्या कुठून आणणार? एका गावात दाराला कुलूप होते. किल्ली समोरच्या घरातल्या आजीबाईंकडे. त्यांनी दार उघडले, मला सज्जातली एक जागा दाखवली आणि म्हणाल्या, ‘इथे आमचे आल्टो बसायचे.’ मग मला भारतातले एखादे स्तोत्र म्हणायला सांगितले. मला एकही पाठ नव्हते. मी एक अभंग म्हटला.