मेसोथेलिओमा
मेसोथेलिओमा : फुप्फुसे, उदरातील इंद्रिये व हृदय यांना वेढणाऱ्या पातळ आवरणांच्या पृष्ठभागावरील कोशिकांपासून उद्भवणारा मारक कर्करोग. बहुसंख्य रुग्णांत तो परिफुप्फुसात (फुप्फुसावरील दुपदरी आवरणात) व त्याखालोखाल पर्युदरात (उदरगुहेच्या अस्तरात) आढळतो; हृदयावरील व वृषणावरील आवरणांत तो क्वचितच होतो. इतर लोकांत अत्यंत विरळ असलेला हा रोग ॲस्बेस्टसाशी संबंध आलेल्यांत वारंवार आढळतो. त्याचे कारण उघडकीस आले ते या विषमतेमुळेच.

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या शहराच्या पश्चिमेकडून क्षयरोगी म्हणून येणारे काही रुग्ण क्षयावरील औषधांना दाद देत नसत. सी. ए. स्लेग्ज यांना ही गोष्ट खटकली. त्या बाजूस निळ्या ॲस्बेस्टसाच्या (क्रोसिडोलाइटाच्या) खाणी होत्या. जे. सी. वॅग्नर हे विकृतिवैज्ञानिक, स्लेग्ज व वक्ष शल्यचिकित्सक पॉल मार्चंड यांनी १९६० मध्ये ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एक सोडून सर्वांचा या खनिजाशी संबंध आला असणे संभवनीय होते. विशेष म्हणजे त्यांतील काहींनी खाणीत कधीच काम केले नव्हते. त्यांचे केवळ बालपण त्या परिसरात गेले होते. १९६५ मध्ये लंडन येथे न्यूहाउस व टॉमसन यांना कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांत व कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांतही हा रोग आढळला. ॲस्बेस्टसाखेरीज एरिओनाइट या तंतुमय खनिजामुळेही तो होतो. तुर्कस्तानातील कॅपाडोशियामधील काही खेड्यांत त्याचे प्रमाण त्यामुळेच विलक्षण आहे.

श्वासावाटे गेलेले बारीक, लांब तंतू परिफुप्फुसापर्यंत पोहोचतात. भक्षिकोशिका ते गिळू पाहतात. पण तंतू त्यांच्याहून लांब असल्यास ते साधत नाही व शोथ (दाह) वर्षानुवर्षे चालू राहतो. त्यातून कोशिकांच्या आनुवंशिक द्रव्याला इजा होते. संपर्क व रोग यांत सामान्यतः २० ते ५० वर्षे जातात. धूम्रपानाने ॲस्बेस्टस कामगारांतील फुप्फुस-कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाशी मात्र त्याचा संबंध आढळलेला नाही.

धाप लागणे, छातीत दुखणे व परिफुप्फुसात द्रव साचणे ही प्रमुख लक्षणे होत. क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा भास होऊ शकतो. निदानासाठी आवरणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. रोग आवरणभर पातळ थरासारखा पसरत असल्याने शस्त्रक्रियेने तो समूळ निघणे दुरापास्त असते. सिस्प्लॅटिन व पेमेट्रेक्सेड ही औषधे एकत्र दिल्यास आयुष्य काही महिन्यांनी वाढते, असे २००३ मध्ये दिसून आले. २०२० पासून अमेरिकेत निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब यांची प्रतिरक्षा चिकित्साही मान्य झाली आहे. तरीही निदानानंतर बहुतेक रुग्ण एकदोन वर्षेच जगतात.

दीर्घ सुप्तावस्थेमुळे बंदीचा परिणाम दिसण्यास काही दशके लागतात. ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टसावर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली, परंतु रुग्ण त्यानंतरही आढळत राहिले. भारतात सिमेंटच्या पत्र्यांसाठी पांढरे ॲस्बेस्टस आयात केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश दिला.