वारा तापतो तेव्हा

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या रस्त्यावर भरदुपारी मोटारसायकलचा वेग वाढवला, की गार वाटायच्या ऐवजी झळा आणखीच भाजतात. तिथल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. पण असं का होतं ते कळलं, की उन्हाळी जॅकेटबद्दलचा अर्धा गोंधळ मिटतो.

उन्हात आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ अंशांवर गेली की सगळं उलटतं. मग वाराच अंगावर उष्णता ओततो, आणि गाडी जितकी जोरात तितकी जास्त. आता शरीराच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. आणि काय विलक्षण उपाय आहे हा! एक लिटर घाम अंगावरच पुरता वाळला, तर तो वाळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढीत साधं सात लिटर पाणी उकळीला येईल. अडचण एवढीच, की तासाला लिटर-दीड लिटरहून फार जास्त घाम आपल्याला सहसा येत नाही. वाऱ्याची उष्णता मात्र वेगाबरोबर वाढतच जाते.

म्हणूनच उन्हाळा म्हटलं की सुचवलं जाणारं जाळीचं जॅकेट विदर्भातल्या कोरड्या रखरखाटात अंगाशी येतं. पारा चाळीसच्या पुढे गेला की तिथे साधं कापडी जॅकेट बरं. त्याच्या झिपा जेमतेम उघड्या ठेवायच्या आणि आत चिंब ओली बनियन घालायची. कुलर असाच तर चालतो: ओल्या ताट्यांतून कोरडी हवा गेली की गारवा. बनियन वाळली की थांबून पुन्हा भिजवायची, आणि पाणी प्यायचंही. अंगातल्या पाण्याऐवजी बाटलीतलं पाणी वाळवायचं, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

हेच कापडी जॅकेट रत्नागिरीत घातलं तर जीव नकोसा होईल. तिथे हवा ३३-३४ अंशांचीच, पण दमटपणाने भरलेली. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. तिथे मात्र जाळीच हवी आणि छातीवर मोकळा वारा हवा.

पण म्हणून जॅकेटच नको, असं कुणी म्हणू नये. ६० च्या वेगात पडलेला माणूस डांबरावर थांबेपर्यंत साधारण २० मीटर घसरत जातो, आणि तेवढ्या खरवडीपुढे कातडीची जाडी किती? बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटर. जाळीचं चांगलं जॅकेट उजेडासमोर धरून पाहा. छातीशी आरपार उजेड दिसतो. खांद्यावर आणि कोपरावर दिसत नाही. तिथे घट्ट विणीचं जाड कापड असतं, कारण रस्ता आधी तिथे घासतो. कपडा असा भागाभागाने तपासण्यासाठी युरोपात ईएन १७०९२ हे मानक आहे. ए, एए, एएए अशा त्याच्या चढत्या श्रेणी. कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला बांधून काँक्रीटवर सोडतात आणि भोक पडतं का ते बघतात.

घसरणं वेगळं, आपटणं वेगळं. गाडी ४० वर असो की ८० वर, सीटवरून जमिनीपर्यंतची उंची तेवढीच. म्हणून कोपर-गुडघ्याच्या आर्मरची, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्यांची, चाचणी ५ किलोचं वजन साधारण मीटरभरावरून पाडून करतात. आरपार पोचणारा धक्का सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, आणि २० च्या आत राहिला तर लेव्हल २.

यातले काही आर्मर अंगठ्याने दाबले तर मऊ लागतात, हातोडीने ठोकले तर तत्क्षणी कडक होतात! हळू दाबलं तर आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींवरून सरकतात. फटक्याच्या त्या क्षणी त्यांना सरकायला वेळच मिळत नाही. पण हा मऊपणा तापमानाप्रमाणे बदलतो. उन्हात तापलेला आर्मर जास्त ढिला पडून धक्का जास्त आत सोडू शकतो. त्यासाठी ४० अंशांवरची एक वेगळी, ऐच्छिक चाचणी आहे. ती पार केलेल्या आर्मरवर ‘टी+’ अशी खूण असते. दुकानात जॅकेटच्या आतल्या खिशातून आर्मर बाहेर काढा आणि ती खूण त्याच्यावरच शोधा.