खाऱ्या पाण्यातली झाडं आणि आपल्या आईची हाडं

ज्यांना एपिसोड ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. विषय आहे समुद्रकाठची झाडं आणि हाडं. तुम्ही म्हणाल, जळगाव-धुळ्यात समुद्र कुठला भो? पण आपली तापी सुरतच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते, तिथे खाऱ्या चिखलात तिवर उभे असतात. आणि 'समुद्री वनस्पतींनी हाडं मजबूत' अशी पावडर फोनवर आपल्यालाही दिसतेच.

या दाव्यात थोडं तथ्य आहे. मिठाच्या ताणात झाडाच्या पेशींचं नुकसान होतं. ते आवरायला झाड फिनॉल, फ्लॅव्होनॉइड अशी रसायनं बनवतं. आता हाडाकडे या. हाडात दोन टोळ्या कायम कामाला असतात: ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, पोखरणारे जोरात येतात, आणि हाड ठिसूळ होतं. शिवाय मज्जेतल्या मूळ पेशींपासून हाडही बनू शकतं आणि चरबीही. वयानुसार कल चरबीकडे जातो.

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी सॅलिकॉर्निया या खाऱ्या दलदलीतल्या वनस्पतीचे अर्क अशा पेशींवर टाकून पाहिले. काही घटकांमुळे चरबी बनणं कमी झालं, हाड बनवण्याच्या खुणा वाढल्या. छानच! पण हे सगळं काचेच्या बशीत. आमच्या भाषेत, कोड माझ्या लॅपटॉपवर चालतोय, सर्व्हरवर अजून टाकलेलाच नाही. तो घटक पोटात टिकतो का, रक्तात किती पोचतो, फ्रॅक्चर खरंच कमी होतात का, हे माणसांवरच्या चाचण्यांतूनच कळतं.

आणि एक गंमत बघा. या झाडांमध्ये मीठ भरपूर असतं. जास्त सोडियम पोटात गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त बाहेर पडतं. म्हणजे हाडांसाठी घेतलेली खारट पावडर उलटीच पडू शकते, बीपीवाल्यांना तर जास्तच. कोकणात मोरसाची भाजी करताना आधी उकळून पाणी फेकतात, ते उगाच नाही.

आपल्याकडचा या गटाच्या जवळचा गडी म्हणजे घोळ. शेतात, बांधावर आपोआप उगवते, खारट जमीनही बऱ्यापैकी सोसते. भाजी म्हणून मस्तच, पण तिच्यात ऑक्झॅलेट खूप, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. उकळून पाणी काढलं की ते कमी होतं. दह्यासोबत खाल्ली तर ऑक्झॅलेट पोटातच दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात कमी जातं. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. नुसत्या कॅल्शियमसाठी नागलीची भाकरी बरी: 100 ग्रॅम धान्यात 350 मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारीपेक्षा कितीतरी जास्त.

घरात पन्नाशी ओलांडलेली आई किंवा मावशी असेल, आणि साध्या पडण्यानं मनगट मोडलं असेल, तर पावडर मागवण्याआधी डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. कंबर आणि खुब्याची घनता मोजतात, टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर पावडरच्या भरवशावर त्या बंद करू नका.