विश्लेषण : हिरड्यांतून येणारे रक्त हृदयाबद्दल काय सांगते?

ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामांची रांग सुरू होते. देशभर घरपोच जाणारा माल इथे दिवसरात्र चढतो-उतरतो. पाळी लांबली की झोप आणि भूक मारण्यासाठी खिशातली तंबाखूची पुडी निघते. ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसले, तर ‘ब्रश लागला असेल’ म्हणून विषय संपतो. मात्र निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त येत नाही.

हिरड्यांत नेमके काय बिघडते?

दातांवर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो निघाला नाही तर कडक होऊन त्याचे कीटण बनते. मग हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झाल्यास हिरडी दातापासून सुटते, मध्ये कप्पे तयार होतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. झिजलेले हाड बहुधा परत येत नाही. हे सगळे बराच काळ न दुखता चालते, हीच अडचण.

तोंडातला आजार हृदयापर्यंत कसा?

सुजलेल्या हिरडीची आतली कातडी फाटलेली असते. चावताना, ब्रश करतानाही जंतू तिथून रक्तात शिरतात. रक्तवाहिन्यांत साचलेल्या चरबीच्या थरांत हिरड्यांच्या जंतूंचे अंश संशोधकांना सापडले आहेत. दुसरा मार्ग दाहाचा. हिरड्यांतली जुनाट सूज शरीरभर दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते.

पुरावा किती पक्का?

१९८९मध्ये फिनलंडमधील डॉक्टरांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब आढळले आणि चर्चा सुरू झाली. स्वीडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिला झटका आलेल्या ८०५ जणांची तेवढ्याच निरोगी व्यक्तींशी तुलना झाली. धूम्रपान, मधुमेह वगैरे बाबी हिशेबात धरूनही हिरड्यांचा आजार असलेल्यांत झटक्याची शक्यता सुमारे २८ टक्के जास्त दिसली. पण संबंध असणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२मध्ये हाच मुद्दा मांडला : नाते आहे, मात्र हिरड्यांवर उपचार केल्याने झटका टळतो हे सिद्ध झालेले नाही. २००७मधील एका प्रयोगात १२० रुग्णांपैकी ज्यांच्या हिरड्यांवर सखोल उपचार झाले, त्यांच्या रक्तवाहिन्यांचे काम सहा महिन्यांनी सुधारलेले आढळले. आशा वाटावी इतके हे नक्कीच आहे. तरीही ‘दात साफ करा, बायपास टाळा’ अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका.

मग तंबाखूचे काय?

खरी मेख इथे आहे. तंबाखू हिरड्या आणि हृदय दोघांनाही मारते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे; टपरीवर ती किती दिसते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. अनेक घरांत बायका दात घासायला मिश्री लावतात. ती दंतमंजन नाही, भाजलेली तंबाखूच आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची आणखी एक फसगत होते : निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आजार लपून राहतो. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात. बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही.

हृदयरुग्णांनी काय सांभाळावे?

कृत्रिम झडप असलेल्यांना आणि पूर्वी हृदयाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग झालेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक लागते, म्हणून दंतवैद्याला आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. दात काढताना थोडे जास्त रक्त जाईल, पण गोळी थांबवल्यास स्टेंट बंद पडण्याचा धोका मोठा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. गोळी बदलायची का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

‘दात साफ केले की हलतात’ ही समजूत चुकीची आहे. कीटणाने धरून ठेवलेला दात आधीच सुटलेला असतो, ते काढल्यावर फक्त कळते. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे.

आणि एक. गोणी उचलताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखू लागला आणि थांबल्यावर दुखणे थांबले, तर दंतवैद्य शोधत बसू नका. ती कळ हृदयाची असू शकते. सोबत घाम, छातीत दाब किंवा धाप असेल तर लगेच १०८ला फोन करा.