बेडूक झोपलाय की मेलाय?

मे महिन्यात कुंडीतली माती बदलायला घेतली, शेतात नांगराने मोठे ढेकूळ उचलले किंवा आटलेल्या हौदाचा तळ साफ केला, की आत एखादा बेडूक सापडतो. पाय पोटाशी ओढलेले, डोळे मिटलेले, अंगाला माती चिकटलेली. काडीने हलवले तरी ढिम्म. घरातले कोणीतरी म्हणते, "मेला वाटतं," आणि तो उकिरड्यावर जातो. मुलांनी पावसाळ्यात आणून टबात ठेवलेल्या बेडकाचीही थंडीत हीच गत होते. तो खाणे सोडतो, कोपऱ्यात निपचित बसतो आणि घरचे त्याला टाकून देतात. अशा कितीतरी बेडकांत त्या वेळी जीव असतो.

पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे नांदेड-लातूरकरांना सांगावे लागत नाही. मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. माणसांसाठी पाणी रुळावरून आले. शेताच्या बांधावरच्या बेडकाला मात्र कोणी पाणी आणून देत नाही. अल्लाहने त्याला वेगळी युक्ती दिली आहे : जमिनीत उतरायचे आणि जगण्याचा खर्चच कमी करायचा.

उन्हाळी झोप म्हणजे काय?

थंडीतल्या दीर्घ झोपेला शीतनिद्रा म्हणतात, तशी उन्हाळ्यातली ही ग्रीष्मनिद्रा. आपल्याकडच्या बेडकांना बर्फाची भीती नाही. त्यांचा खरा शत्रू कोरडेपणा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून ते शोषून घेतो. त्याच कातडीतून तो काही प्रमाणात श्वासही घेतो, आणि त्यासाठी ती ओली राहावी लागते. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात उघड्यावर राहिला तर तो लवकरच सुकून मरेल.

म्हणून जमीन वाळू लागली की तो ओलसर माती, बीळ, दगडाखालची सावली शोधतो. काही जातींच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती मागे सारत तो पाठीमागून जमिनीत शिरतो. आत गेल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास जेमतेम चालतो. पावसाळ्यात कीटक खाऊन साठवलेली चरबी थोडी थोडी खर्च होते. मूत्राशयातले पाणीही वाया जात नाही. शरीर ते पुन्हा शोषून घेते. घरात कमाई थांबली की चुलीवरचा खर्च आवरावा, तसा हा हिशेब आहे.

जगात याहून थक्क करणारी उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातला एक बेडूक शरीरात पाणी साठवून, गळालेल्या कातडीचे आवरण अंगाभोवती गुंडाळून जमिनीखाली दीर्घकाळ पडून राहतो. उत्तर अमेरिकेतल्या वूड फ्रॉगचे तर शरीर हिवाळ्यात गोठते, हृदय थांबते, आणि वसंतात बर्फ वितळला की तो पुन्हा चालू लागतो.

विचित्र वाटते, पण नेहमीचे आहे

घराजवळच्या बेडकांच्या काही सवयी पाहून मुले घाबरतात, मोठी माणसेही शंका काढतात.

*स्वतःची कातडी खाणे.* बेडूक ठरावीक काळाने कात टाकतो. त्या वेळी अंग वाकवतो, तोंड उघडमीट करतो आणि निघालेली कातडी गिळून टाकतो. हा आजार नाही.

*गिळताना डोळे आत जाणे.* घास घशाखाली ढकलायला डोळ्यांची मदत होते, म्हणून ते क्षणभर आत दबतात.

*पिवळाधमक रंग.* पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या बुलफ्रॉगचे नर लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याजवळच्या पिशव्या निळ्या दिसतात. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरच्या अशाच बेडकांचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हा अनेकांना हा काही भलताच प्रकार वाटला. तो विणीच्या हंगामातला रंग आहे, मादीला बोलावण्यासाठी.

*उचलताच पाणी सोडणे, अंग फुगवणे.* ही स्वसंरक्षणाची धडपड आहे. त्या पाण्याने किंवा स्पर्शाने चामखीळ येत नाही. मात्र खडबडीत अंगाच्या भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून विषारी पांढरा स्राव येतो. त्याला हात लागला तर साबणाने धुवावा, तोवर डोळे चोळू नयेत.

*मोरीत, कूलरमध्ये मुक्काम.* उन्हाळ्यात लांब बोटांचा झाडबेडूक न्हाणीघराच्या भिंतीला किंवा कूलरच्या ओल्या जाळीला चिकटून बसतो. तो दिवसभर हलत नाही, कारण त्याचा दिवस रात्री उजाडतो. कूलरची टाकी धुताना आधी आत पाहून घ्यावे.

झोप, आजार की मृत्यू?

झोपलेला बेडूक आटोपशीर बसतो : पाय दुमडलेले, अंग घट्ट. मेलेला सैल पडतो, डोळे गढूळ होतात आणि लवकरच दुर्गंधी सुटते. श्वास दिसत नाही एवढ्यावरून निर्णय करू नये, कारण गाढ झोपेत गळ्याची हालचाल जवळपास थांबलेली असते. शंका असेल तर त्याला सावलीत ओलसर मातीवर ठेवून वर सुके गवत टाकावे आणि रात्र जाऊ द्यावी. सकाळी चित्र स्पष्ट होते.

पोट व मांड्यांवर लाली, अंगावर जखमा, विचित्र सूज, झटके किंवा उताणे पडून पाय पसरणे ही आजाराची किंवा विषबाधेची लक्षणे आहेत. फवारणीचे औषध त्याच्या कातडीतून सरळ आत जाते. हळद, मीठ, जंतुनाशक लावण्याचे घरगुती उपाय याच कारणाने घातक ठरतात. पशुवैद्यकाला दाखवावे.

झोपलेला बेडूक सापडला तर त्याला "जागा" करण्यासाठी पाणी ओतत बसू नये. ओल लागली की त्याला पाऊस आला असे वाटते. तो उठतो, साठवलेली चरबी खर्च करतो, आणि बाहेर खायला कीटक नसतात. जिथे सापडला तिथेच सावलीत, मातीखाली परत ठेवणे हीच मदत.

पाळावा का?

मुलांना प्राण्यांची ओढ असते. लहानग्या अबू उमैरकडे एक छोटा पक्षी होता आणि तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची आपुलकीने विचारपूस केली, हे हदीसमध्ये आले आहे. पण मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खाऊही न घालणाऱ्या आणि मोकळेही न सोडणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीसही आपण ऐकतो. बेडकाबद्दल तर स्वतंत्र हदीस आहे : औषधासाठी बेडूक वापरण्याविषयी एका वैद्याने विचारले असता प्रेषितांनी (स.) त्याला मारण्यास मनाई केली. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे.

डब्यात ठेवलेल्या बेडकाला जिवंत कीटक, ओलावा, लपायला माती आणि थंडावा हे सारे लागते. आपल्या उन्हाळ्यात खिडकीतली काचेची बरणी त्याच्यासाठी भट्टी होते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बुलफ्रॉगला संरक्षण दिले आणि १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने बंद केली. पिकावरची कीड खाणारा हा प्राणी शेतातून कमी होणे परवडणारे नव्हते.

तेव्हा मुलांना बेडूक हवाच असेल तर तासभर पाहू द्यावा. पसरट भांड्यात थोडी ओली माती घालावी, पाणी लागलेच तर नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. साबण-क्रीम नसलेले, ओले केलेले हात असावेत. मग संध्याकाळी, जिथून आणला तिथेच सोडावा. अंगणाच्या एका कोपऱ्यात सावलीत फुटका माठ आडवा ठेवून त्याखाली ओलसर माती राहू दिली, तर बेडूक आपणहून येतील. मृगाच्या पहिल्या सरीनंतर रात्री त्यांचा आवाज कानावर पडला, की उन्हाळाभर मातीखाली कोण थांबले होते हे मुलांना सांगता येईल.